पुढील आदेशापर्यंत चुकीचा कीबोर्ड

माझे वडील, श्री. पोपट रणपिसे, सेवानिवृत्त वरिष्ठ टंकलेखक, विंडोजवरून लिनक्सवर जाण्याचं काम अर्धवट टाकून वारले.

हे वाक्य मी मागे घेतो. असं काहीही घडलेलं नाही. कुणी भेटायला येऊ नये. बाबा कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीशी खुर्चीत बसलेत, पाठ ताठ, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि टाईप करताहेत. साल दोन हजार सहा आहे. वीज आत्ता आहे. ती कधी जाणार हे पेपरात रोज छापून येतं, आणि तरी ती स्वतःच्या मनानेच जाते.

वडिलांचं नाव पोपट. ज्या माणसाचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलंय त्याचं नाव पोपट असावं, यावर विनोद करण्याचा हक्क फक्त आमच्या घराला आहे आणि आम्ही तो वापरून संपवलेला आहे.

घशाचा कॅन्सर. तंबाखू नाही, विडी नाही. बाबांना आयुष्यात एकच व्यसन, दुसऱ्यांचा मजकूर टाईप करणं. ऑपरेशननंतर गळ्याला एक छिद्र आलं, श्वास तिथून चालायचा. त्यावर आई पातळ सुती रुमाल बांधायची, रोज वेगळ्या रंगाचा. आवाज मात्र कायमचा गेला.

आता यातली अडचण अशी, की आवाज होता तेव्हा बाबा बोलत नसत. सरकारी कचेरीत दिवसभर लोकांच्या विनंत्या, खुलासे, ताकिदी आणि स्मरणपत्रं बडवून घरी आले की त्यांच्याकडे शब्द उरत नसत. आमच्या आजोबांना साधा अर्ज दुसऱ्याच्या पाया पडून लिहून घ्यावा लागायचा. म्हणून बाबा टायपिंग शिकले, आणि मग जन्मभर इतरांचे अर्ज लिहीत बसले. घरी त्यांची वाक्यं तीन. "जेवायला वाढ." "पेपर कुठंय?" आणि माझ्या निकालाच्या दिवशी "बरं."

आवाज गेल्यावर डॉक्टरांनी पाटी दिली. पाटीवर गरजा मावतात, बोलणं मावत नाही. शिवाय मानेच्या ऑपरेशनात खांद्याची शीर दुखावली होती, हात फार वर धरवत नसे. आणि अक्षर म्हणजे वरिष्ठ टंकलेखकाचं अक्षर, वापराअभावी गंजलेलं. त्यांनी एकदा पाटीवर 'पाणी' लिहिलं आणि आईने त्यांना पांघरूण आणून दिलं.

मग ते कॉम्प्युटरकडे वळले.

कॉम्प्युटर निवृत्तीच्या वेळी घेतलेला होता. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होतं आणि 'बोरू' नावाचं मराठी सॉफ्टवेअर होतं. 'बोरू'चं वैशिष्ट्य म्हणजे त्याचा कीबोर्ड हुबेहूब मराठी टाईपरायटरसारखा. ज्या बोटाला जे अक्षर कचेरीत सापडायचं तेच इथे सापडायचं. म्हणजे बाबांच्या दहा बोटांना आपण निवृत्त झालोय हे कळलेलंच नव्हतं. चोरून कॉपी करता येऊ नये म्हणून त्या सॉफ्टवेअरबरोबर एक 'लॉक' यायचं, काडेपेटीएवढं, कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचं. ते असेल तर मराठी, नाहीतर नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी अक्षरं मोठी केली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि सुरू झाले. आई चष्मा लावून शेजारी बसली आणि मोठ्याने वाचू लागली.

"विषय, आमटीत मीठ नसणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दिनांक आजच्या दुपारच्या आमटीमध्ये मीठ आढळून आले नाही. तरी..." आईने चष्मा काढला. "अहो, मीठ डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. तुमच्या साहेबांना तसं कळवा."

बाबांनी कळवलं. "साहेब रजेवर आहेत. निर्णय आपल्याच स्तरावर व्हावा."

आईने चिमूटभर मीठ टाकलं.

त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत टाईप करताच येत नव्हतं. पण हळूहळू विषय बदलत गेले. संध्याकाळी आई मेथी निवडायला घेऊन बसायची, बाबा टाईप करायचे, आई वाचायची, भांडायची, पुन्हा वाचायची. सगळ्या संसारात जे बोलणं झालं नव्हतं ते आता साचलेल्या फायलींसारखं एकेक करून निघू लागलं. एकदा विषय होता 'मौजे खडकवासला येथे हरविलेल्या चपलेबाबत'. लग्नानंतर दोघं धरणावर गेले होते, तिथे आईची चप्पल पाण्यात वाहून गेली होती, अशी आमच्या घराण्याची अधिकृत माहिती.

"सदर चप्पल वाहून गेली नसून," आई वाचू लागली, "अधोस्वाक्षरीकाराने ती स्वतः पाण्यात टाकली होती. कारण, तिचा अंगठा दोनदा शिवलेला होता व नवी घेऊन देतो असे तोंडाने सांगण्याचे धाडस झाले नाही."

आईने मेथीची दोन-चार पानं खुडली. मग म्हणाली, "दुसऱ्या पायातली तरी ठेवायची. ती चांगली होती." आणि त्या रात्री ती ताटं वाढताना आपल्याशीच हसत होती.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. मी तेव्हा कॅम्पसमधून आयटी कंपनीत लागलेलो होतो, म्हणजे जॉइनिंगची तारीख येईपर्यंत घरी बसलेलो होतो. नातेवाइकांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरवाला'. त्या काळात ते एक पद होतं, त्याला ज्ञान लागत नसे.

मग तपासणीत कळलं की आजार परत आलाय. डॉक्टर म्हणाले, "दिवस मोजत बसू नका." ज्यांच्याकडे मोजण्याइतकेच दिवस असतात त्यांनाच हे सांगतात. घरी येताना रिक्षात आई मला हळूच म्हणाली, "दीपू, औषधाचं काय ते डॉक्टर बघतील. यांचं बोलणं तेवढं चालू राहू दे. मला दुसरं काही नको."

मी म्हटलं, "राहील की." कॉम्प्युटरवाल्याचं आश्वासन.

त्याच आठवड्यात वीज गेली, आणि येताना गरजेपेक्षा जास्त आली. कॉम्प्युटरच्या मागून एक बारीक धूर निघाला, सरळ वर, उदबत्तीसारखा. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, आणि मागे खोचलेलं लॉकही वितळून काळं पडलं.

बाबा रिकाम्या पडद्यापुढे बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पाटी घेतली आणि काहीतरी लिहिलं. आम्हाला ते लागलं नाही.

जळकं लॉक घेऊन मी नारायण पेठेत गेलो. 'बोरू' विकणारं दुकान तिथे होतं. गोपाळकृष्ण नावाचे गृहस्थ ते चालवत. गल्ल्यावरची काच आता मोबाइलच्या कव्हरांनी भरली होती. त्यांनी लॉक हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं.

"जळलंय हे."

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आणलंत? अंत्यविधी आम्ही करत नाही."

"नवीन मिळेल का?"

"कंपनी बंद झाली. मालक मुलाकडे गेले, न्यू जर्सीला. तिथे त्यांना 'ळ' कुणी मागत नाही."

"दुसरं काही? असाच कीबोर्ड असलेलं?"

"आता सगळं युनिकोड. कीबोर्ड वेगळा, पद्धत वेगळी. कोण वापरतं तुमच्याकडे?"

"वडील. टाईप करून बोलतात. त्यांचा आवाज गेलाय."

गोपाळकृष्णांनी जळकं लॉक पुन्हा हातात घेतलं. "म्हणजे लॉक असेल तरच बोलता येतं?" ते म्हणाले. "चांगली पद्धत आहे. या पेठेत पुष्कळांना बसवायला हवी." मग काउंटरखाली वाकून त्यांनी बरीच खुडबुड केली, दोन खोकी उपसली, हात झटकले आणि वर आले. "नाही हो. असतं तर दिलं असतं." त्यांचा आवाज एवढा सरळ मी तिथे पहिल्यांदाच ऐकला, आणि त्यामुळेच मला कळलं की आता खरंच काही उरलं नाही.

उरला होता सलिल.

सलिल माझा वर्गमित्र. तो सहा महिन्यांपूर्वी लिनक्सवासी झाला होता, म्हणजे विंडोज टाकून ती फुकट आणि खुली प्रणाली वापरू लागला होता. तेव्हापासून त्याच्याशी पावसावर बोललं तरी तो तिसऱ्या वाक्याला सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर येत असे. त्याने स्वतःच्या घरचं एक जुनं मशीन रिक्षातून आणलं. त्यात हार्ड डिस्क नव्हती.

"लागतच नाही," सलिल म्हणाला. "लाइव्ह सीडी आहे. सीडी घालायची, लिनक्स सुरू. सगळं मेमरीत चालतं. मशीन बंद केलं की काही उरत नाही. एकदम क्लीन."

"काहीच उरत नाही?" आईने विचारलं.

"काही म्हणजे काही नाही, काकू. रोज नवीन सुरुवात. काकांना शिकायला बेस्ट. हार्ड डिस्क नंतर टाकू."

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी लावलेले आहेत. सलिल ज्या उत्साहाने सगळं अनित्य असल्याचं सांगत होता, ते ऐकून बुद्धांना बरं वाटलं असावं. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे. त्यांचं मत निराळं पडलं असतं.

शिकवणी सुरू झाली. सलिलने प्रत्येक कळीवर छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डावीकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे व्यंजनं. फार शास्त्रीय होतं.

"एकदम लॉजिकल आहे काका. आधी अक्षर, मग वेलांटी. जसं बोलतो तसं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. जसं बोलतो तसं. सलिलच्या ते लक्षात आलं नाही. मशीनपुढे असताना त्याच्या काही लक्षात येत नसे.

टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात, अक्षर मागून येतं. बाबांचं बोट आपोआप आधी वेलांटीवर गेलं. पडद्यावर टिंबांचं एक रिकामं वर्तुळ उमटलं आणि त्याच्या डोक्यावर वेलांटी. बाबांनी वर्तुळावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. हा कोण?

"ते अक्षराची वाट बघतंय, काका," सलिल म्हणाला. "अक्षर आलं नाही म्हणून तसं दिसतंय."

बाबा त्या वर्तुळाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग ते एका बोटाने अक्षरं शोधू लागले. आयुष्यभर न बघता टाईप केलेला माणूस मान वाकवून, नाक कीबोर्डला लावून 'म' शोधत होता. 'म' सापडला, तोपर्यंत पुढे काय म्हणायचं होतं ते सुटलं. खांदा दुखू लागला की ते हात मांडीवर ठेवायचे आणि पुन्हा वर आणायचे. चार दिवसांत त्यांनी बोललेला एकूण मजकूर असा: 'मला', 'नको', 'हा', आणि अर्धा ष.

संध्याकाळी आई मेथी घेऊन बसायची आणि निवडून झाली तरी बसून राहायची. "शिकतील," ती म्हणायची. "हुशार आहेत." तिच्या डोळ्यांत मात्र ती डॉक्टरांकडून येतानाची रिक्षा दिसायची.

पाचव्या दिवशी बाबांनी चिठ्ठ्यांवरून एकदा हात फिरवला, पाठ ताठ केली, कोपरं अंगाला लावली आणि दहाही बोटं जुन्या जागी ठेवली. आणि सुरू झाले. पूर्ण वेगाने. कळांचा तो जुना कडकडाट घरात पुन्हा घुमला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली.

खरा टंकलेखक कागदाकडे बघत नाही. तो समोरच्या मजकुराकडे बघतो. बाबांचा मजकूर आई होती. ते तिच्याकडे बघत टाईप करत होते. पडद्यावर त्यांची नजर नव्हती.

पडद्यावर होतं ते असं: 'ेकत पहट गसन ोममच टलप ीकव', आणि असंच खाली खाली, मधूनमधून ती टिंबांची वर्तुळं. जुनी बोटं, नवा कीबोर्ड. भलत्याच कळांना भलतीच अक्षरं.

मी सांगायला तोंड उघडलं. आईने माझ्याकडे न बघता माझ्या दंडाला चिमटा काढला. कातडी सोलवटेल इतका.

बाबांचं एक पान संपलं. त्यांनी हात थांबवले आणि आईकडे पाहिलं. आईने चष्मा लावला. ती पडद्याकडे वाकली आणि अगदी नेहमीच्या आवाजात वाचू लागली.

"एकत पहट गसन. ओममच टलप ईकव." मध्येच थांबून तिने मान डोलावली, जणू एखादा मुद्दा पटला. सगळं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "खरंय तुमचं. मलाही कालपासून तसंच वाटतंय."

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ते कचेरीतलं समाधान आलं. पुढचं पान सुरू झालं.

मी सलिलला जिन्यात गाठलं. "हे भयंकर आहे."

"एरर मेसेजसुद्धा नाही," सलिल हळहळला. "विंडोज असतं तर निदान हँग झालं असतं."

"गप रे. बाबांचा जुना कीबोर्ड लिनक्सवर बनवता येईल?"

सलिल पायरीवर बसला. कुणीतरी आपल्याला असा प्रश्न विचारेल याची तो आयुष्यभर वाट बघत होता. "सगळं बनवता येतं," तो म्हणाला. "लिनक्स आहे. सगळं उघडं आहे."

म्हणजे दिवसा आम्ही दोघं सलिलच्या खोलीत बसून कुठल्या कळीवर कुठलं अक्षर हे एकेक करून जुळवत होतो, आणि संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये माझे आईवडील अशा भाषेत गप्पा मारत होते जी जगात कुणालाच येत नव्हती. बाबा टाईप करायचे. आई वाचायची. "अय्या, हे कधी सांगितलं नाहीत." "त्यात तुमचा काय दोष?" "दीपूचं बघू आपण, तो काय लहान आहे?" बाबांच्या चेहऱ्यावरून, बोटांच्या वेगावरून, सगळ्या संसारातल्या न बोलण्यावरून ती अंदाज बांधायची आणि उत्तर द्यायची. कधी चुकायची. बाबा भुवया आक्रसायचे, पुन्हा टाईप करायचे, तेच की दुसरं काही, कुणाला ठाऊक. मग ती उत्तर बदलायची. "नाही, नाही, माझंच चुकलं. पुढे?"

एकदा मी तिला ओट्याशी विचारलं, "आई, तुला काही कळतं तरी का?"

"तुला काय वाटतं, आधी मीठ नाही म्हणून लिहायचे तेव्हा ते मिठाबद्दल असायचं?" तिने कणीक तिंबत म्हटलं. "जा, पाणी भर."

आणि मग ती संध्याकाळ. मी बाबांच्या पाठीमागून पाण्याचा तांब्या घेऊन चाललो होतो. बाबा टाईप करता करता थांबले, आणि नोकरीत कधी केलं नसेल ते केलं. मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

त्यांनी वाचलं. म्हणजे, वाचायला बघितलं. वरपासून खालपर्यंत. वर्तुळं बघितली. मग आईकडे बघितलं. ती पुढच्या ओळीसाठी चष्मा सावरून बसली होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

बाबांनी मान पुन्हा आईकडे वळवली, बोटं जागेवर ठेवली, आणि आधीपेक्षा वेगात टाईप करू लागले.

त्या दिवसापासून ते जास्त बोलू लागले. विषय, महोदया, उपरोक्त, असलं काही त्यात नसावं, कारण ओळी आता तशा साचेबंद दिसत नव्हत्या. कधी एकच शब्द मारून ते थांबायचे. कधी टाईप करता करता डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हात चालूच. आई पदराने ते पुसायची आणि वाचत राहायची. "पहट गसन. बरं. टलप. हो, हो. मी आहे ना."

कळा जुळवून जुळवून माझ्या डोक्यात आता तो सगळा तक्ता बसला होता. एकदा चहाचा कप ठेवायला वाकलो आणि काही कळायच्या आत पडद्यावरचा एक शब्द मला लागला. भलत्या अक्षरांमागे 'जया' असं होतं. माझ्या आईचं नाव. आमच्या घरात ते फक्त रेशनकार्डावर वापरलं जात असे. बाबा तिला "अगं" म्हणायचे, किंवा काहीच नाही. त्याच ओळीत ते पुन्हा होतं. पुढच्या ओळीत पुन्हा. मी कप ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या सोसायटीत एक बाई वाळत घातलेल्या पापडांवरून कबुतरं हाकलत होती. तिला मदत म्हणून मीही बराच वेळ मनापासून शुक शुक करत होतो.

सलिल आला तो उड्या मारतच. "झालं! वेलांटीसकट!" त्याने पेनड्राइव्ह लावला, काहीबाही टाईप केलं, काही लावलं, काही काढलं. "काका, आता तुमचा जुना टाईपरायटर आणि लिनक्स एकच. बिनधास्त मारा."

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

बाबांनी हात ठेवले. जुन्या बोटांनी जुन्या जागा घेतल्या आणि पडद्यावर, स्वच्छ, वळणदार, लिनक्सच्या इतिहासात आमच्या घरची पहिली वाचता येणारी ओळ उमटली. आई वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"विषय, नवीन पद्धत बंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सध्या सुरू असलेली चुकीची पद्धत सोयीची असल्याने ती पुढील आदेशापर्यंत चालू ठेवण्यात यावी. श्री. सलिल यांच्या परिश्रमाबद्दल आभार. त्यांना पोहे देण्यात यावेत."

सलिलचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. "पण काका, आता सगळं बरोबर येतंय!"

बाबांनी त्याच्याकडे बघून हात जोडले आणि मान हलवली. बरोबर येतंय, हीच तर तक्रार होती. मला ते कळलं, आईला कळलं. सलिलला कळलं नाही, तरी त्याने पेनड्राइव्ह काढला. तो पोहे खाताना एकदाच म्हणाला, "यूजर फीडबॅक असा असतो का रे?"

त्यानंतर बाबा फार दिवस खुर्चीत बसू शकले नाहीत. बसवत तेव्हा आम्ही मागे उशा लावायचो. वेग मंदावला होता. कळांच्या आवाजात मोठमोठी अंतरं पडायची, आणि आई त्या अंतरांनाही "हं" म्हणायची.

अशाच एका संध्याकाळी ते टाईप करत असताना वीज गेली. पेपरात ती वेळ नव्हती. पडदा विझला. फ्रिज थांबला, पंखा थांबला, समोरच्या सोसायटीतला कुणीतरी "गेली!" असं ओरडला. मी मेणबत्ती शोधायला उठलो.

कळांचा आवाज थांबला नव्हता.

अंधारात बाबा टाईप करत होते. टक, टक टक, टक. पडद्यावर काही नव्हतं, मशीनच्या मेमरीत काही जात नव्हतं, विंडोज नव्हतं, लिनक्स नव्हतं. आणि आई, चष्मा मांडीवर ठेवून, वाचल्याशिवायच उत्तर देत होती. "हो." "ते मी बघीन." "तुम्ही त्याची नका काळजी करू." "नाही हो. कधीच राग नव्हता." "चपलेचा? थोडा होता."

काडेपेटी माझ्या हातात होती. मी काडी ओढली नाही.

वीज आली तेव्हा बाबा उशीला टेकले होते, हात कीबोर्डवर. पडद्यावर लिनक्सचं नवं कोरं चित्र आलं होतं, रोजच्यासारखी रोज नवीन सुरुवात. पहाटे आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, आणि नंतरचं मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं. ते मागे घेऊन बघितलं. एवढा वेळ टिकलं, हेच खूप.

सलिलचं मशीन अजून इथेच आहे. आई संध्याकाळी त्याच्यापुढे बसते. मला म्हणाली, "दीपू, ते जे बोलत होते ते निघेल का रे यातून? मला वाचता येईल असं नको. तसंच. होतं तसं." मी म्हटलं, बघतो. कॉम्प्युटरवाल्याचं आश्वासन. मग सलिलला विचारलं. तो म्हणाला, "काही म्हणजे काही उरत नाही, हे मीच काकूंना सांगितलं होतं ना रे." म्हणून रीतसर मार्गाने खालीलप्रमाणे अर्ज करत आहे.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
संगणक स्मृती विभाग (कार्यालय जेथे असेल तेथे).

विषय: यंत्र बंद झाल्याने पुसले गेलेले बोलणे परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे वडील कै. पोपट रणपिसे यांनी आपल्या अखत्यारीतील मेमरीमध्ये वेळोवेळी केलेले सर्व बोलणे, तसेच वीज नसताना केलेले व म्हणून आपल्या अभिलेखात मुळातच दाखल न झालेले बोलणे, अर्जदाराच्या आईस परत करण्यात यावे. सदर मजकुरात कोणतीही दुरुस्ती करण्यात येऊ नये. रिकामी वर्तुळे आहेत तशीच ठेवावीत. मजकूर वाचता येणार नाही या कारणास्तव अर्ज फेटाळण्यात येऊ नये. उत्तरे आईकडे तयार आहेत. तरी याबाबतची कार्यवाही शक्य तितक्या तातडीने, कोणत्याही दिवशी, वीज असताना किंवा नसताना, व्हावी ही नम्र विनंती.